काच, ताग आणि कोंडीबा मेटकरी

१९७२ च्या जूनमध्ये मी सांगलीतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात व्याख्याता म्हणून रुजू झालो, तेव्हा कोंडीबा मेटकरी तिथल्या प्रयोगशाळेत आधीपासून होते. हुद्दा शिपायाचा, वय एक्कावन्न, शिक्षण चौथी. घरचे आटपाडीकडचे मेंढपाळ. विसाव्या वर्षी मेंढरं धाकट्या भावाकडे सोपवून ते सांगलीला आले आणि हळदीच्या पेठेत तराजू-काटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिले. वीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. ज्या पेठेत काटा जरा हलला तरी दोन माणसं हमरीतुमरीवर येतात, तिथे त्यांच्या हातचा काटा कुणी परत आणला नाही, असं पेठेतले लोक मला पुढे सांगत. म्हातारा गेला, दुकान मोडलं आणि कोंडीबा कॉलेजात लागले.

पहिले सहा महिने मी त्यांच्याकडून चहा मागवला, फळा पुसून घेतला आणि टेबलं सरकवून घेतली. त्यांना आणखी काय येतं हे विचारायचं मला सुचलं नाही. ते कळलं मानसिंगरावांमुळे.

मानसिंगराव पलूसचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरी भावांची ऊसशेती. त्या वर्षी पूर्वेकडे दुष्काळ होता. आटपाडी आणि माण भागात विहिरी आटल्या होत्या आणि दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती. त्यांना प्यायचं पाणी बैलगाडीतून पोचवायचं, म्हणून मानसिंगरावांनी आपल्या शेडमध्ये फायबरच्या हलक्या टाक्या बनवायला घेतल्या होत्या. टाकी गाडीला आवळून बांधायला लोखंडी पट्टी लावली तर ती टाकीच्या अंगात रुतायची आणि तडा जायचा. म्हणून त्यांनी टाकीच्याच जातीची पट्टी केली: वरखाली काचेच्या धाग्याचं कापड, मध्ये तागाचं, आणि सगळे थर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, बुडवून एकजीव केलेले. नुसत्या काचेची पट्टी महाग पडत होती. ताग घातला की किंमत निम्म्यावर यायची.

"तोडून बघितली सर, तुटत न्हाई," ते म्हणाले. "पर आवळल्यावर किती दिवस आवळलेली राहील, ते मला कोन सांगंना."

प्रश्न साधा होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. असल्या पट्टीवर वजन टांगून ठेवलं तर ती लगेच ताणते ती ताणतेच, पण मग दिवसेंदिवस केसाकेसाने लांबत राहते. त्याला क्रीप म्हणतात. उलट, पट्टी ताणून दोन्ही टोकं पक्की धरली, लांबी बदलूच दिली नाही, तर आतला ताण हळूहळू उतरत जातो. टाकीच्या पट्टीचं दुखणं हे दुसरं होतं. काच फारशी हलत नाही, ताग आणि रेझिन हलतात. दोघं एकाच पट्टीत असले की कोण किती भार कुणावर ढकलतं याचं गणित मांडता येतं. पण त्या गणिताला आकडे लागतात, आणि आकड्यांसाठी महिनोन्महिने ताण धरून ठेवणारं यंत्र. ते आमच्याकडे नव्हतं. मागवायचं तर परदेशातून.

मी हे वर्गातल्या फळ्यावर चित्र काढून मानसिंगरावांना सांगत होतो. कोंडीबा चहाचे कप उचलायला आले होते. ते चित्राकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर वजनकाट्याचंच काम हाय सर. दांडी एकाला धा धरली, तर तीस किलो टांगून तीनशेचा ताण येतो. दांडी धारंवर टेकवायची. मी करतो."

त्यांनी केली. भंगारातून रुळाचे तुकडे आणून त्यांनी तीन चौकटी उभ्या केल्या. दांडी जिच्यावर डोलते ती पोलादी धार त्यांनी चार दिवस बसून स्वतः घासली. दांडी अशी तोलली की टोकावर पोस्टकार्ड ठेवलं तरी ती झुके. ताण उतरण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी जाड पोलादी कडं पट्टीच्या जोडीला बसवलं. कडं किती दबलं हे त्याला लावलेला डायल दाखवायचा आणि त्यावरून पट्टीत किती ताण उरलाय ते कळायचं.

जानेवारीत प्रयोग सुरू झाले. डायलवरचं वाचन पहिल्या मिनिटाला घ्यायचं, मग दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या, मग तासाने, मग दिवसाने. कोंडीबांनी शंभर पानी वही केली आणि सुवाच्य अक्षरात आकडे लिहायला लागले. आठवड्याने मला म्हणाले, "सर, मला ह्याच्या पोटात काय चाललंय ते सांगा. नुसतं आकडं लिवून माझा जीव भरत न्हाई."

मी फळ्यावर पुस्तकातलं चित्र काढलं. एक स्प्रिंग. तिच्या बाजूला दुसरी स्प्रिंग, आणि तिला जोडलेला तेलाने भरलेला नळकांड्यातला दट्ट्या. स्प्रिंग म्हणजे काच, ताणली की ताणली. दट्ट्या म्हणजे ताग आणि रेझिन, तेलातून सावकाश सरकणारा. पट्टीच्या आत असं काही नसतं, पण ती वागते अशी, असं मानून समीकरण लिहितात.

कोंडीबांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी टेबलावर तेच चित्र लोखंडात उभं होतं. सायकलच्या सीटच्या दोन स्प्रिंगा, आणि एक सायकलचा पंप, खालून बंद केलेला, वायसरला सुईने भोक पाडलेलं.

"आत तेल घातलंय का?" मी विचारलं.

"तेल लय पातळ पडलं. काकवी घातली."

आम्ही वजन टांगलं. स्प्रिंगा एकदम ताणल्या, थांबल्या, आणि मग पंपाचा दांडा मुंगीच्या पावलाने सरकू लागला. कोंडीबा घड्याळ लावून बसले आणि वाचन लिहू लागले. मी ते आलेखाच्या कागदावर मांडलं. रेघ अगदी आमच्या पट्टीच्या रेघेसारखी निघाली. पाच वर्षं मी हे समीकरण शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, आणि ते डोळ्यांनी पहिल्यांदा त्या दुपारी बघितलं.

फेब्रुवारीच्या शेवटी हजार तास पुरे झाले. गणित आणि वाचन छान जुळलं. त्या जोरावर मी मानसिंगरावांना कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं की दोन वर्षांत पट्टीचा ताण पाचव्या हिश्शाहून जास्त उतरणार नाही. त्यांनी चोवीस गाड्यांना पट्ट्या लावल्या आणि गाड्या आटपाडी-माणकडे रवाना केल्या. आणखी चाळीस गाड्या करायच्या ठरल्या.

कोंडीबांचं बिऱ्हाड गावीच होतं. मार्चच्या शेवटी एका रविवारी ते घरी गेले. त्यांची बायको धोंडुबाई तेव्हा तलावाच्या कामावर माती टाकायला जात असे. ते तिच्याबरोबर कामावर गेले, ते खास आमची पट्टी लावलेली गाडी बघायला. तिथे काय झालं ते धोंडुबाईंनीच मला नंतर सांगितलं.

गाडीवान दादासो टाकी भरून ओढ्याच्या उतारावरून येत होता. उतारावर टाकी पुढे घसरली आणि तिची कड त्याच्या टाचेवर आली. बायकांनी आणि कोंडीबांनी मिळून ती मागे रेटली. टाच फुटली नव्हती, पण पाय सुजला. सगळे दादासोभोवती जमले. कोंडीबांनी त्याला सावलीला बसवलं, पाय बांधला, आणि मग ते पट्टीजवळ गेले. प्रयोगशाळेत ताणलेल्या पट्टीवर नखाने टिचकी मारली की ती खणकन वाजायची. इथे ती तरटासारखी मुकी होती.

"मानूस दुखावलाय आन् हे पट्टीला टिचक्या मारत बसलं," धोंडुबाई म्हणाल्या. "मला राग आला. पर मग त्यांनी चोवीसच्या चोवीस गाड्या कुठं कुठं हायत ते विचारायला सुरुवात केली, तवा कळलं की त्यांच्या मनात काय हाय."

त्यांनी ती पट्टी सोडवली, टाकी दोरखंडाने आवळून दिली, आणि संध्याकाळपर्यंत चालत जाऊन आसपासच्या आणखी चार गाड्या बघितल्या. चारही पट्ट्या सैल होत्या.

सोमवारी सकाळी त्यांनी फेट्यात गुंडाळून आणलेली पट्टी माझ्या टेबलावर ठेवली.

मी म्हणालो, "बसवतानाच नीट आवळली नसेल."

"पाची गाड्यांस्नी? मानसिंगरावांचा मिस्त्री फौजेतला हाय सर. तो ढिलं ठेवनार न्हाई." मग त्यांनी पट्टीची कापलेली कड माझ्यापुढे धरली. काचेच्या दोन थरांमध्ये तागाचे धागे उघडे होते, काळपट पडलेले. "ह्यो ताग पानी पितो. सकाळी टाकी भरताना सांडतं, पट्टी भिजती. दुपारी उनानं वाळती. परत भिजती. आपल्याकडं ती कवा भिजलीच न्हाई."

"पण मी लिहून दिलंय, कोंडीबा."

"आपून लिवलंय सर. पट्टीनं न्हाई लिवलं."

हे ते उर्मटपणे बोलले नव्हते. दुकानात गिऱ्हाइकाला काट्यातली चूक दाखवावी तसं बोलले होते. मला मात्र कानापर्यंत गरम झालं. अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि माझ्या सहीचा तो पहिलाच दाखला होता. तासभर मी पट्टीच्या कडेतले काळे धागे उकरून बघितले. मग उठून पलूसला निरोप धाडला की नव्या गाड्या थांबवा आणि जुन्यांवर दोरखंड बांधा.

तीन चौकटींवर तीन नव्या पट्ट्या चढवल्या, सारख्या ताणाच्या, तीनशे किलोच्या. एक कोरडी ठेवायची. एकीला कायम ओलं गोणपाट गुंडाळायचं. मला वाटलं एवढं पुरे, कारण जास्तीत जास्त वाईट म्हणजे कायम ओली. तिसरी कोंडीबांनी मागून घेतली. "हिला मी गाडीवानी वागवतो," ते म्हणाले. सकाळी सातला ते तिला ओलं गोणपाट बांधत, दहाला सोडत, आणि दुपारभर ती खिडकीतल्या उन्हात वाळू देत. रोज. एप्रिलची सुट्टी लागली, कॉलेज ओस पडलं, तरी ते सकाळी सातला हजर असत.

एकविसाव्या दिवशी कोरड्या पट्टीत दोनशे सत्तर किलोचा ताण उरला होता. कायम ओलीत दोनशे पंधरा. भिजत-वाळत राहिलेल्या तिसरीत जेमतेम दीडशे.

मी तीनदा डायल तपासला. कायम भिजलेल्या पट्टीपेक्षा अर्धा वेळ कोरडी राहिलेली पट्टी जास्त सैल पडते, हे माझ्या कुठल्याच समीकरणात बसत नव्हतं. समीकरणात दट्ट्याभोवतीचं तेल ठरावीक घट्ट असतं. ओल्यासाठी ते पातळ धरता येतं. पण मग तिसरी पट्टी पहिली आणि दुसरी यांच्या मध्ये पडायला हवी होती.

कोंडीबांनी सायकलचा पंप काढला. वजन टांगलं, दांडा सरकत सरकत अगदी मंद झाला. मग त्यांनी वरून चमचाभर पाणी काकवीत सोडलं आणि काडीने हलवलं. हलवताना दांडा सर्रकन खाली गेला. हलवणं थांबवलं तसा तो पुन्हा रेंगाळला.

"बघा," ते म्हणाले. "पानी आत हाय म्हनून न्हाई पळाला. पानी आत शिरताना पळाला. पट्टीचंबी तसंच असंल. भिजताना हलती, वाळतानाबी हलती. एकदा भिजून गप बसली की एवढी न्हाई हलत."

मी खुर्चीत बसलो. मग कागद ओढून लिहायला लागलो. तेलाचा घट्टपणा नुसत्या ओलीवर अवलंबून धरायचा नाही, ओल किती झपाट्याने बदलते त्यावरही धरायचा. एक पद वाढवलं. दोन आठवडे आकडेमोड केली. तिसऱ्या पट्टीची रेघ गणितातून निघाली, आणि पहिल्या दोन्ही रेघा जागच्या जागी राहिल्या. लाकडाच्या बाबतीत परदेशात कुणाला असंच काही दिसलं होतं, हे मला नंतर पुण्याच्या ग्रंथालयात सापडलं. काच-तागाच्या पट्टीत ते आम्ही दोघांनी, इतर कुणाचं न वाचता, खिडकीतल्या उन्हात बघितलं होतं.

मग पलूसला जायचं होतं. मी एकटा जाणार होतो. कोंडीबा स्वतःहून निघाले. मानसिंगराव शेडमध्ये खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं आणि माझा दाखला चुकीचा होता हेही सांगितलं. 

"दादासोचा पाय कसा हाय?" मानसिंगरावांनी पहिलं हे विचारलं.

"चालतोय आता," कोंडीबा म्हणाले.

"मग आता पुढचं सांगा. पट्ट्या फेकून देऊ का?"

कोंडीबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तुम्हीच सांगा."

"फेकायच्या न्हाईत. कडंला रेझिनचा हात मारायचा, म्हंजी ताग झाकला जाईल. आन् टोकाला आवळायचा बोल्ट लावायचा. तिसऱ्या दिवशी एकदा आवळायचं, धाव्या दिवशी एकदा, मग महिन्यानं. सुरवातीलाच पट्टी जास्त सोडती, मग कमी कमी सोडत जाती."

"गाडीवानाला तारखा कोन सांगत बसनार?"

"टिचकी सांगंल. वाजली तर ठीक, न्हाई वाजली तर आवळा."

त्या उन्हाळ्यात चौकटी रिकाम्या असताना कोंडीबांनी रजा काढली आणि पाना घेऊन चोवीसही गाड्यांवर गेले, काही आटपाडीत, काही माणमध्ये दहिवडीच्या पलीकडे. प्रत्येक गाडीवानाला त्यांनी टिचकी ऐकायला शिकवली. उरलेल्या चाळीस गाड्या मेमध्ये निघाल्या. पट्टी सैल पडून टाकी घसरल्याचं पुन्हा ऐकू आलं नाही.

प्रयोग मात्र आम्ही थांबवले नाहीत. काच जास्त आणि ताग कमी, ताग बाहेर आणि काच आत, एकाआड एक थर, अशा पट्ट्या पुढची दोन वर्षं त्या चौकटींवर चढत राहिल्या. १९७६ मध्ये आमचं काम एका नियतकालिकात छापून आलं. लेखक म्हणून माझं एकट्याचं नाव होतं. कोंडीबांचं नाव जोडायचं मी वरिष्ठांना विचारलं होतं, शिपायाचं नाव लेखकांत घालत नाहीत असं उत्तर मिळालं, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांचं नाव शेवटी आभारात आलं. याची खंत मला आजही आहे.

छापील प्रत मी त्यांना दाखवली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण डायलवरचे आकडे रोज वाचून इंग्रजी आकडे पाठ झाले होते. त्यांचं नाव मी बोटाने दाखवलं. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि मागची पानं उलटली. तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"सर, हे दोनशे चौदा न्हाई. दोनशे एक्केचाळीस हाय."

मी वही काढली. दोनशे एक्केचाळीस. छापताना आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि प्रूफ मीच तपासलं होतं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली.

१९७९ ला ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी शाल दिली. धोंडुबाई आटपाडीहून आल्या होत्या. त्यांना प्रयोगशाळा बघायची होती. कोंडीबांनी त्यांना चौकटी दाखवल्या, धार दाखवली, एका दांडीवर पोस्टकार्ड ठेवून ती कशी झुकते ते दाखवलं. "एवढ्याचसाठी व्हय तुमी दर सुट्टीत हिकडं पळायचा," त्या म्हणाल्या, आणि दोघं हसली. पुढे आठवडी बाजारात ते पुन्हा काटे दुरुस्त करू लागले, असं गावाकडून येणारे सांगत.

त्यांच्या चार वह्या माझ्याकडे आहेत. एम.ई. च्या नव्या मुलांना हा विषय शिकवताना मी पुस्तकाआधी त्या वह्या हातात देत असे. अडीच वर्षांत चौकटीवर पट्टी होती त्या प्रत्येक दिवसाचं वाचन, आणि एकही खाडाखोड नाही. चुकला आकडा तर त्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा. दुसऱ्या वहीत १४ एप्रिल १९७४ ची ओळ तेवढी मोकळी आहे. तिथे लिहिलंय, "वाचन घेतलं न्हाई. धाकटा भाऊ गेला. गावी होतो."

तेरा तारखेचा आकडा २०३ आणि पंधराचा २०१ आहे. मधे २०२ लिहिला असता तर जगात कुणालाही कळलं नसतं. पेपरसाठी आलेख काढताना मीही त्या तारखेला ठिपका दिला नाही. रेघ तिथे तुटलेली ठेवली. नियतकालिकाच्या परीक्षकाने विचारलं की हे असं का, तेव्हा मी उत्तरात एवढंच लिहिलं की त्या दिवशी वाचन घेणारा माणूस हजर नव्हता.